हिमनदी पुढे वाहते आणि मागेही हटते: एका फॉरवर्डला सविस्तर उत्तर

आमच्या युरोप सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून जिवंत आहे. सहल होऊन दोन वर्षं उलटली, तरी रोज सकाळी फुलं येतात, वाढदिवसाला केक येतात आणि अधूनमधून कुठूनतरी ज्ञान येतं. गेल्या आठवड्यात सहलीतल्या एका काकांनी 'हिमनद्या वितळण्याचं थोतांड' या मथळ्याचा लांबलचक मजकूर टाकला. खाली 'आला तसा पुढे पाठवत आहे' ही नेहमीची ओळ. दोन तासांत चौदा अंगठे पडले. मग तोच मजकूर मला सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि रात्री शाळेच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवरही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. हिमनदी म्हणजे गोठलेली नदी. उन्हाळ्यात वितळते, हिवाळ्यात पुन्हा गोठते, घाबरायचं कारण नाही. दगडासारखा बर्फ वाहणं शक्यच नाही. शास्त्रज्ञ एकदा सांगतात हिमनदी पुढे सरकते, एकदा सांगतात मागे हटते, म्हणजे त्यांचंच काही ठरलेलं नाही. हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून गेला तेव्हा तिथे बर्फ नव्हताच. आता पर्यटकांना दाखवायला यंत्रं लावून बर्फाचे महाल गार ठेवतात, डोंगरावर गोधड्या पांघरतात, यावरून काय ते ओळखा. आणि एवढं करून खापर मात्र आपल्यासारख्या भारतीय पर्यटकांवर.

काका माणूस चांगला. ल्युसर्नला माझी पिशवी बसमध्ये राहिली तेव्हा धावत जाऊन तेच घेऊन आले होते. त्यामुळे नुसतं 'फेक आहे' लिहून मोकळं होणं मला जमेना. शिवाय मी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवलाय. 'हिमोढ' (हिमनदीने वाहून आणलेले दगडगोटे) हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेन त्याची मोजदाद नाही, आणि खरी हिमनदी पाहिली ती निवृत्तीनंतर. तेव्हा काका, राग मानू नका, एकेक मुद्दा घेते.

"हिमनदी म्हणजे गोठलेली नदी."

यात थोडा दोष आपल्या भाषेचा आहे. मनालीत आभाळातून पडतो तोही बर्फ, फ्रीजच्या साच्यात जमतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात पडतो तोही बर्फच. त्यात शब्द 'हिमनदी', म्हणजे नदी थंडीने थिजली असणार, असं कुणालाही वाटेल. वर्गातली हुशार मुलंही पेपरात हेच लिहायची. (वर्तमानपत्रं हिमनदीला सर्रास 'हिमनग' म्हणतात, तो आणखी वेगळा गोंधळ. हिमनग पाण्यात तरंगतो.)

हिमनदी पाण्यापासून होत नाही, पडलेल्या हिमापासून होते. आल्प्सच्या उंच भागात हिवाळ्यात पडलेलं सगळं हिम उन्हाळ्यात वितळून संपत नाही. जे उरतं त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचं. ताजं हिम म्हणजे बहुतेक हवाच, आकारमानाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. वरचं ओझं वाढत जातं तशी चांदणीसारख्या कणांची टोकं झडतात, कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात. आधी रव्यासारखं, मग साबुदाण्यासारखं आणि शेवटी खडीसाखरेच्या ढेपेसारखं घट्ट. जे हिम एक उन्हाळा तगलं त्याला स्विस जर्मन भाषेत 'फिर्न' म्हणतात. अर्थ 'गेल्या वर्षीचं'. आपण जुना तांदूळ म्हणतो ना, तसं. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख खिंडीतल्या गच्चीवरून जे पांढरं पटांगण आपण पाहिलं, त्याचं नावच युंगफ्राउफिर्न आहे.

दाबाने बर्फ कसा होतो हे गोळेवाल्याला विचारा. किसलेला भुसभुशीत चुरा तो तळव्यात दाबतो आणि काडीला घट्ट गोळा बसतो. हिमनदीत हेच काम वर्षानुवर्षांचं ओझं करतं. कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होऊन तिचे सुटे बुडबुडे उरले की फिर्नचा खरा बर्फ झाला. आल्प्समध्ये याला साधारण एक-दोन दशकं लागतात, अंटार्क्टिकाच्या कोरड्या थंडीत शेकडो वर्षं. हवा कमी झालेला जाड बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि निळा दिसतो. आपण सगळ्यांनी ज्या निळ्या भिंतीला टेकून फोटो काढले, तो रंगीत दिवा नव्हता. म्हणजे काही ठिकाणी दिवाही होता, पण निळेपणा बर्फाचाच.

आता 'हिवाळ्यात पुन्हा गोठेल' याचा हिशेब करा. एक मीटर घट्ट बर्फासाठी जवळपास दहा मीटर ताजं हिम लागतं, तेही वर्षानुवर्षं न वितळता टिकलेलं. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी 2022 या एका वर्षात आपल्या आकारमानाचा सुमारे 6 टक्के भाग गमावला. त्या वर्षी हिवाळ्यात हिम कमी पडलं, मार्चमध्ये सहारातली धूळ येऊन बसल्याने पृष्ठभाग मळला आणि जास्त ऊन शोषू लागला, वर उन्हाळा कडक. पुढच्या वर्षी, 2023 मध्ये, आणखी 4 टक्के गेले. दोन वर्षांत दहावा हिस्सा. हे एका हिवाळ्यात भरून येणारं भगदाड नव्हे.

"दगडासारखा बर्फ वाहणं शक्यच नाही."

हा आक्षेप मला आवडला, कारण दोनशे वर्षांपूर्वी शहाण्यासुरत्या माणसांनीही तो घेतला होता. तेव्हा भांडण मिटवलं ते एका झोपडीने. फ्रान्झ योसेफ हूगी या स्विस निसर्गअभ्यासकाने 1827 मध्ये उंटरआर हिमनदीवर राहण्यासाठी एक आसरा बांधला. तीन वर्षांनी पाहिलं तर तो सुमारे 100 मीटर खाली सरकलेला. 1836 मध्ये 700 मीटरच्या वर. 1841 मध्ये हिमनद्यांचा अभ्यासक लुई आगासी याला तो मूळ जागेपासून 1,400 मीटरहून जास्त अंतरावर सापडला. झोपडीला पाय फुटलेले नव्हते. पुढे 1874 पासून ऱ्होन हिमनदीवर आडव्या ओळीत रंगवलेले दगड मांडून दरवर्षी मोजणी झाली. सरळ मांडलेल्या ओळी काही वर्षांत धनुष्यासारख्या वाकल्या: मधले दगड पुढे, कडेचे मागे. नदीतही काठाला पाणी रेंगाळतं आणि मध्यात धावतं. म्हणजे 'हिमनदी' या शब्दावर मी वर जेवढी चिडले तेवढा तो वाईट नाही.

पण मराठी माणसाला, विशेषतः मुंबईकराला, या वाहण्याचा पुरावा जवळचा आहे आणि तो आपल्या सहलीच्या रस्त्यावरच होता. फ्रान्समधल्या शामोनी गावात शिरताना गाइडने उजवीकडे वर बोट दाखवलं होतं, आठवतंय? मों ब्लां या आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखराच्या माथ्याकडून सुटून थेट दरीत घसरणारी एक पांढरी जीभ. ती बोसों हिमनदी. आपण त्या वेळी जेवणाचे डबे कुणाकडे आहेत याची चौकशी करत होतो.

24 जानेवारी 1966 रोजी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग 707 विमान मों ब्लांच्या माथ्याजवळ आदळलं. मुंबईहून दिल्ली, बैरुत करत ते जिनिव्हाला उतरणार होतं. विमानातले सगळे 117 जण गेले, त्यात डॉ. होमी भाभा होते. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. त्याआधी, 3 नोव्हेंबर 1950 रोजी, एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' जवळपास त्याच जागी कोसळलं होतं आणि 48 जण मरण पावले होते, त्यातले बहुतेक जहाजावर रुजू व्हायला निघालेले भारतीय खलाशी. दोन्ही विमानांचे तुकडे, सामान, टपाल माथ्याजवळच्या हिमात गाडलं गेलं. त्यावर दर हिवाळ्याचा थर पडत गेला.

आणि मग ते खाली येऊ लागलं. 2012 मध्ये गिर्यारोहकांना बोसों हिमनदीवर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची पिशवी सापडली. त्याच्या पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम, माणकांची पेटी मिळाली; त्याने ती पोलिसांकडे नेऊन दिली. 2020 च्या उन्हाळ्यात हिमनदीजवळ कॅफे चालवणाऱ्या एका माणसाला जानेवारी 1966 ची भारतीय वर्तमानपत्रं मिळाली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी त्यात होती. त्यांचा शपथविधी झाला तो 24 जानेवारीलाच, विमान पडलं त्याच दिवशी. ती बातमी चोपन्न वर्षं बर्फातून चालत दरीत पोहोचली. कागद उन्हात वाळत घातले तर अक्षरं वाचता येत होती.

काका, बर्फ वाहत नसता तर हे सगळं माथ्याजवळच राहिलं असतं. कुणी उचलून खाली आणलेलं नाही.

आणि हा अंदाज आधी बांधताही येतो. 1820 मध्ये मों ब्लां चढणाऱ्या एका तुकडीतले तीन वाटाडे हिमप्रपातात सापडून भेगेत गाडले गेले. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्ज यांनी हिमनदीचा वेग मोजून सांगितलं होतं की साधारण चाळीस वर्षांनी त्यांचे अवशेष खालच्या टोकाशी निघतील. ते निघाले 1861 मध्ये. इतकी अचूक आणि इतकी नकोशी भविष्यवाणी दुसरी मला ठाऊक नाही.

उलट उदाहरणही आहे. ओत्झी नावाने प्रसिद्ध असलेला, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा माणूस 1991 मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर बर्फात सापडला, जवळजवळ अखंड. कारण तो पडला होता खडकातल्या एका खोलगट घळीत आणि तिथला बर्फ बसून राहिलेला होता, हिमनदीसारखा वाहत नव्हता. वाहत्या बर्फात सापडता तर विमानासारखाच तुकडे होऊन कधीचा खाली आला असता.

हिमनदीतला बर्फ वाहतो तो दोन रीतींनी. एक, आतून. थर तीस-पन्नास मीटर जाड झाला की स्वतःच्या वजनाखाली बर्फाचे स्फटिक हळूहळू आकार बदलत उताराकडे ओघळतात. हातोडी मारली तर फुटेल तोच बर्फ संथ दाबाखाली घट्ट मधासारखा वागतो. ताण दुप्पट झाला तर हे ओघळणं दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतं, म्हणून जाड हिमनद्या एवढ्या चपळ. दुसरी रीत, तळाशी घसरून. वितळलेलं पाणी तळापर्यंत पोचतं आणि वंगणाचं काम करतं. म्हणून उन्हाळ्यात वेग वाढतो. वरचा साधारण तीस मीटरचा थर मात्र ठिसूळच राहतो. त्याला खालच्या वाहण्याबरोबर ताणलं जाणं सोसत नाही आणि त्याला भेगा पडतात. गाइड दोरी ओलांडू देत नव्हता ते उगीच नाही. ताज्या हिमाने भेगेचं तोंड झाकलं गेलं की वरून ती दिसतही नाही.

आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, वीस किलोमीटरच्या आसपास. कोंकोर्डियाप्लाट्स या ठिकाणी वरचे प्रवाह एकत्र येतात, तिथे बर्फाची जाडी सुमारे 800 मीटर आहे आणि तो वर्षाला दोनशे मीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे दिवसाला हातभर. तिच्या पाठीवर लांबच लांब दोन काळे पट्टे दिसतात, जणू मोठ्या गाडीच्या चाकोऱ्या. दोन प्रवाह जिथे मिळतात तिथे दोघांच्या काठावरचे दगडगोटे मध्ये येतात आणि पट्टा होऊन खाली वाहत जातात. फळ्यावर लिहिलेला माझा 'मध्य हिमोढ' तो हाच. सत्तावीस वर्षं मी तो खडूने काढला, आणि प्रत्यक्ष समोर आला तेव्हा गळ्याशी काहीतरी आलं, हे कबूल करते.

"पुढे सरकते म्हणतात आणि मागे हटते म्हणतात. दोनपैकी एक खोटं."

दोन्ही खरं आहे, एकाच वेळी खरं आहे, आणि सगळ्या मजकुराची गोम याच वाक्यात आहे.

आमच्या आजोळी धान्याची कणगी होती. वरून धान्य ओतायचं, खाली बुडाशी एक भोक, त्यातून लागेल तसं काढायचं. कणगीतला दाणा नेहमी खालीच सरकतो. सुगीत ओतणं जास्त म्हणून कणगी काठोकाठ भरते तेव्हाही दाणा खालीच येत असतो, आणि आषाढात ओतणं बंद होऊन ती रिकामी होत जाते तेव्हाही. धान्याची पातळी उतरली म्हणजे दाणे उलटे वर चढले असं कुणी म्हणत नाही.

हिमनदीचं तसंच. वर हिम साठतं, खाली टोकाशी बर्फ वितळतो, आणि मधला बर्फ सतत वरून खाली वाहून माल पुरवतो. जेवढं येतं तेवढंच वितळलं तर टोक एका जागी ठरल्यासारखं दिसतं, पण तिथला बर्फ रोज नवा असतो. येणं वाढलं तर टोक दरीत पुढे जातं. वितळणं वाढलं तर टोक वरच्या अंगाला दिसू लागतं, आणि त्याला आपण 'हिमनदी मागे हटली' म्हणतो. शब्द फसवा आहे. एकही कण मागे जात नाही. आलेचचं टोक 1870 नंतर तीन किलोमीटरहून जास्त आटलं आहे, आणि त्या सगळ्या काळात तिचा बर्फ खालीच वाहत होता.

'मग हटतातच कशाला म्हणता, कधी पुढेही जातात की' असं कुणी म्हणेल. हो, गेल्या आहेत. 1970 ते 1980 च्या दशकात काही वर्षं उन्हाळे गार होते आणि हिम बरं पडलं, तेव्हा मों ब्लां परिसरातल्या हिमनद्या थोड्या पुढे आल्या होत्या. हा काही आरोप सिद्ध करणारा पुरावा नव्हे, हिशेब बरोबर चालल्याचाच आहे.

आलेचच्या पायथ्याशी फीश परिसरातल्या लोकांनी हा हिशेब कुठल्याही शास्त्रज्ञाआधी अंगावर घेतला होता. सतराव्या शतकात हिमनद्या वाढत कुरणांपर्यंत येत होत्या. बर्फाने अडवलेलं मेर्येलेन तळं फुटलं की खाली पूर यायचा. 1678 मध्ये गावकऱ्यांनी देवाला नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, तू हिमनदीला आवर. पुढे त्यासाठी दरवर्षी मिरवणूकही निघू लागली. शतकं लोटली आणि नवस गरजेपेक्षा जास्त फळला. 2009 च्या सुमारास गावकऱ्यांनी पोपकडे विनंती केली की प्रार्थना बदलायची परवानगी द्या, आता हिमनदी घटू नये असं मागायचंय. परवानगी मिळाली. आपल्याकडे नवस फेडतात, तिथे उलटा करून घ्यावा लागला.

"हॅनिबल गेला तेव्हा आल्प्समध्ये बर्फ नव्हताच."

कार्थेजचा सेनापती हॅनिबल इ.स.पू. 218 मध्ये 37 हत्ती घेऊन गेला, खरं. पण ज्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराच्या वृत्तांतामुळे आपल्याला हे ठाऊक आहे, तोच पुढे लिहितो की उतरताना सैन्याला नव्या हिमाखाली गेल्या हिवाळ्याचं जुनं, टणक हिम लागलं. माणसं त्यावर घसरली आणि जनावरांचे पाय त्यात रुतून बसले. जुनं हिम म्हणजे वर सांगितलेलं फिर्नच की. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हत्ती घेतले आणि घसरलेली माणसं सोडून दिली. शिवाय सैन्य खिंडीतून जातं, हिमनदीवरून नव्हे. आल्प्समधल्या बहुतेक खिंडींत आजही हिमनदी नाही.

यात खऱ्याचा एक कण आहे आणि तो लपवू नये. गेल्या दहा हजार वर्षांत आल्प्सच्या हिमनद्या काही वेळा आजच्याइतक्या किंवा आजच्याहून लहान होत्या. रोमन काळात आलेच साधारण अलीकडच्या आकाराची होती असं तिच्या काठी गाडल्या गेलेल्या झाडांवरून दिसतं. पण पूर्वी आगी वणव्याने लागायच्या म्हणून आज घराला लागलेली आग वणव्याचीच, असं नसतं. पूर्वीचे बदल शतकानुशतकांचे होते. आज स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचं आकारमान 1931 ते 2016 या 85 वर्षांत निम्मं झालं. वर आलेचसारखी जाड हिमनदी हवामानाच्या बरीच मागून चालते. तिचा आजचा आकार आजच्या उष्णतेचा नाही, काही दशकांपूर्वीच्या गारव्याचा आहे. तापमान आहे तिथे थांबलं तरी ती आटत राहणार.

"बर्फाचे महाल यंत्राने गार ठेवतात, डोंगरावर गोधड्या घालतात."

घालतात. आणि ठेवतात. यातलं काहीही गुपित नाही.

युंगफ्राउयोखचा बर्फमहाल 1934 मध्ये दोन वाटाड्यांनी कुदळी आणि करवतींनी खऱ्या हिमनदीच्या पोटात कोरला. वर रेल्वे आधीच होती, 1 ऑगस्ट 1912 पासून, 3,454 मीटर उंचीवर. 2015 मध्ये तिथे एका वर्षात पहिल्यांदा दहा लाखांहून जास्त माणसं गेली. दहा लाख उबदार शरीरं एका बर्फाच्या बोगद्यात सोडली तर काय होईल? म्हणून आतली हवा उणे 3 अंशांच्या आसपास ठेवतात. शिवाय बर्फ सरकत असल्यामुळे भिंती वाकतात, छत खाली येतं, आणि ते पुन्हा पुन्हा तासावं लागतं. नाटकच करायचं असतं तर न सरकणारा बर्फ वापरला असता. वर जेवणात आपल्याला भारतीय थाळी मिळाली त्याबद्दल कुणी 'थोतांड' म्हटलं नाही, उलट दोनदा भात घेतला.

गोधड्यांची गोष्ट मात्र खिन्न करणारी आहे. फुर्का घाटातल्या ऱ्होन हिमनदीत एकोणिसाव्या शतकापासून दरवर्षी नवी गुहा कोरतात. ही हिमनदी 1850 च्या सुमारास खाली ग्लेच गावाच्या पठारापर्यंत पसरलेली होती, प्रवासी खालच्या हॉटेलातून ती बघायचे. ती आटली तशी माणसं वर चढली. 1882 मध्ये घाटाच्या वळणावर बेल्वेदेर हॉटेल उभं राहिलं, त्याच्या खिडकीसमोर बर्फ. आता तिथून बर्फ लांब गेला आहे आणि हॉटेलला कुलूप आहे. उन्हाळ्यात गुहेभोवतीचा भाग पांढऱ्या जाड कापडाने झाकतात. कापड ऊन परतवतं आणि झाकलेल्या जागेचं वितळणं निम्म्याने, कधी त्याहून थोडं जास्त, कमी होतं. म्हणजे गोधडी चालते. पण स्वित्झर्लंडभर मिळून झाकलेली जागा 0.18 चौरस किलोमीटर, हिमनद्यांच्या एकूण क्षेत्राच्या 0.02 टक्के. सगळ्या हिमनद्या झाकायच्या तर वर्षाला एक अब्ज स्विस फ्रँकहून जास्त खर्च येईल असा हिशेब तिथल्या संशोधकांनीच मांडला आहे. पिकनिकच्या जागेवर धरलेली छत्री आहे ती. छत्री धरली म्हणून पाऊस खोटा ठरत नाही.

"खापर भारतीय पर्यटकांवर."

आपल्या पायांनी आणि श्वासांनी हिमनदी वितळत नाही. ती वितळते उन्हाने आणि गरम हवेने, आणि हवा गरम करणाऱ्या वायूंचा मोठा वाटा इतिहासात युरोप-अमेरिकेचा आहे. इथवर काका, मी तुमच्या बाजूची.

पुढचं ग्रुपवर कुणाला आवडणार नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आज हवेत सोडलेला दर किलो कार्बन डायऑक्साइड कालांतराने जगभरातल्या हिमनद्यांचा सुमारे 15 किलो बर्फ वितळवतो. मुंबई-झ्युरिक जाऊन-येऊन विमानप्रवासाचं माणशी उत्सर्जन ढोबळमानाने एक टन तरी धरा. म्हणजे प्रत्येकाच्या नावावर 15 टन बर्फ. आपण बत्तीस जण होतो, 480 टन झाला. भारतातल्या सरासरी माणसाचं वर्षभराचं कार्बन डायऑक्साइड दोन टनांच्या आसपास असतं. आपण त्याचं निम्मं एका आठवड्याच्या सहलीत उडवलं. आरोप 'भारतीयां'वर करण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक भारतीय कधी विमानात बसलेलेच नाहीत. मी बसले. पुन्हा संधी आली तर बहुधा जाईनही, तेव्हा उपदेश करत नाही, फक्त आकडा लिहून ठेवते.

आता एक काम सांगते. ग्रुपमध्ये मागे जाऊन शामोनीजवळच्या मोंतांवेरच्या गच्चीवरचा तुमचा फोटो काढा, लाल टोपी घातलेला. मागे मेर द ग्लास ही हिमनदी, म्हणजे 'बर्फाचा समुद्र'. हे नाव 1741 मध्ये दोन इंग्रज प्रवाशांनी दिलं, कारण त्यांना खवळलेला समुद्र एकाएकी गोठल्यासारखा वाटला होता. तुम्ही तेव्हा म्हणालात, "समुद्र कुठाय, ही तर खडीची खाण दिसते." बरोबर म्हणालात. बर्फ खूप खोल गेलाय आणि जे उरलंय त्यावर दगड-मातीचा थर आहे. आता फोटो मोठा करा आणि तुमच्या उजव्या खांद्यामागची दरीची भिंत बघा. वर गडद खडक, त्यावर झुडपं, शेवाळ. मग एक आडवी रेघ, पट्टीने आखल्यासारखी. रेघेखाली फिकट, उघडा, घासलेला खडक, तो थेट खालच्या बर्फापर्यंत. त्या फिकट भागावर अजून काही उगवायला वेळच मिळालेला नाही. बर्फ तिथवर होता. रेघेपासून बर्फापर्यंतची उंची शंभर मीटरहून जास्त आहे. फोटोत ती तुमच्या टोपीपासून जर्किनच्या खिशापर्यंत भरते.